शेनिन ब्लांकचे घड कुजतात? जीए नको, पाने काढा

प्रश्न (दिंडोरी व निफाड भागातून): वाईनच्या शेनिन ब्लांक या द्राक्षाचे घड आतून कुजतात. दुकानदार म्हणतो, घड सुटसुटीत व्हायला जीए (जिबरेलिक आम्ल, वाढीचे संजीवक) मारा. किती मारू?

उत्तर: अजिबात मारू नका. थॉमसन या खाण्याच्या द्राक्षाचे जीएचे वेळापत्रक या वाणाला चालत नाही. थॉमसन बिनबियांचे, शेनिन बियांचे. बियांच्या वाणावर जीए पडले की शॉट बेरी (न वाढलेले बारीक मणी) होतात आणि पुढच्या हंगामात काडीवर घड कमी निघतात. सीपीपीयू (मणी फुगवणारे संजीवक) तर त्याहून वाईट. गच्च घडात मणी फुगला की शेजारच्या मण्याला दाबून फोडतो, कूज तिथूनच सुरू होते.

घड गच्च येणे हा या वाणाचा स्वभावच आहे. मूळ फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातले, आंजू भागातले. दक्षिण आफ्रिकेत ‘स्टीन’ म्हणून जुने. वाढ जोमदार, आणि उष्ण हवेतही आम्लता टिकते, म्हणून नाशिकच्या वायनरींना हवे असते. ल्वारमध्ये बोट्रायटिस बुरशीने सुकलेल्या मण्यांची गोड वाईन करतात. आपल्याकडे कुजलेला माल वायनरी परत पाठवते.

करायचे ते हे. ओलांड्याच्या (तारेवरच्या आडव्या फांदीच्या) मीटरभर लांबीत १२ ते १५ काड्याच ठेवा, बाकीच्या कोवळ्या असतानाच काढा. मणी बाजरीएवढे झाल्यापासून ज्वारीएवढे होईपर्यंत घडाजवळची २-३ पाने व बगलफुटी काढा. ओळी दक्षिणोत्तर असतील तर फक्त पूर्वेकडची. पश्चिमेची पाने काढली तर दुपारच्या उन्हाने मणी भाजतात. उशिरा, मण्यात पाणी उतरल्यावर (मणी मऊ पडू लागल्यावर) काढलीत तरी तेच. घडाला हवा लागली की औषधे कमी लागतात. दुकानदार हे सांगणार नाही.

भुरीसाठी (पाना-मण्यांवर पांढरी पूड धरणारी बुरशी) पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. ऊन ३५ अंशांपुढे असताना फवारू नका. काढणीच्या निदान ५-६ आठवडे आधी गंधक बंद. राहिले तर आंबवताना सडक्या अंड्याचा वास येतो. गोडी वाढवायला शेवटी ०:०:५० या पालाश खताच्या पिशव्या ओतू नका. पालाश जास्त झाले की रसाचा सामू (pH) चढतो, आंबटपणा घटतो आणि वाईन टिकत नाही. पुन्हा सांगतो, जीए नाही, म्हणजे नाही.

 

काढणीआधी ब्रिक्स (रसातली साखर) तपासताना ओळीच्या दोन्ही बाजूंचे आणि घडाच्या वरचे-खालचे मणी घ्या, एकट्या उन्हातल्या घडाचे नकोत.