मन समजून घ्यायचंय? हेन्रीपासून सुरुवात करा

तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो, एमआरआयच्या रंगीत चित्रांच्या नादी आधीच लागू नका. ‘आपण मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो’ वगैरे तर सोडूनच द्या, थापा आहेत त्या.

सुरुवात एका माणसापासून करा. हेन्री मोलेसन. अपस्माराचे झटके आवरेनात म्हणून १९५३ साली, वयाच्या २७व्या वर्षी, अमेरिकेत शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी साठवायला लागणारा भाग) बराचसा भाग काढला. झटके कमी झाले, पण नवी आठवण काही टिकेना. आत्ताच भेटून गेलेला माणूस परत आला की पुन्हा अनोळखी! बुद्धी आणि बोलणं मात्र शाबूत.

मग मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने वळू लागला, पण आधी कधी हे केलंय याचा त्याला पत्ताच नव्हता. हाताला आठवत होतं, त्याला नाही. इथे जरा रेंगाळा. ‘आठवण’ या एका शब्दाखाली आपण किती वेगवेगळ्या यंत्रणा कोंबतो ते इथे दिसतं. घरी आरसा-पेन्सिल घेऊन स्वतः करून बघा, सुरुवातीला हात हमखास भलतीकडे जातो.

फिनिअस गेज (डोक्यातून लोखंडी सळई आरपार जाऊनही जगलेला माणूस) नंतर वाचा. त्याच्याबद्दल फुगवून लिहिलेलंच फार आहे.