उसनी चाल आणि सोलापूरची चार पत्रे

कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा ‘मून म्युझिक’ हा दहावा अल्बम ४ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या अस्सलपणाविषयीचा वाद अजून मिटलेला नाही, हे या अंकासाठी आलेल्या पत्रांवरून दिसते. त्यांतील चार पत्रे सोलापूरची आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही पाच मित्र सात रस्त्याजवळच्या टपरीवर रोज संध्याकाळी चहाला भेटतो. जानेवारी २०२५ मध्ये आमच्यापैकी तिघे गड्ड्याची यात्रा सोडून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेले आणि नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचा कार्यक्रम ऐकून आले. न गेलेल्या दोघांचे म्हणणे असे की, हा बँड पहिल्यापासून उचलेगिरी करत आला आहे, ‘विवा ला विदा’ या त्यांच्या गाण्याची चाल अमेरिकी गिटारवादक जो सॅट्रियानी यांची आहे हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, आणि ‘मून म्युझिक’मध्ये तर नवे काहीच नाही. बरोबर कोण?

उत्तर : आपल्या मित्रांनी दोन निरनिराळे आरोप एकाच गाठोड्यात बांधले आहेत. दुसऱ्याचे उचलणे हा एक, आणि स्वतःचेच पुन्हा पुन्हा वाढणे हा दुसरा. पहिल्याबाबत त्यांचे बरेचसे चुकते आहे आणि दुसऱ्याबाबत बरेचसे बरोबर आहे, असे माझे मत आहे.

गिटारवादक सॅट्रियानी यांची ‘इफ आय कुड फ्लाय’ ही शब्दविरहित रचना २००४ मधली आणि ‘विवा ला विदा’ २००८ मधले. डिसेंबर २००८ मध्ये सॅट्रियानी यांनी अमेरिकेत दावा लावला. साम्य निव्वळ योगायोगाचे आहे, असे बँडने सांगितले. आणि सप्टेंबर २००९ मध्ये दोन्ही बाजूंच्या संमतीने तो दावा निकाली निघाला. म्हणजे चोरी झाली असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही आणि झाली नाही असेही म्हटलेले नाही, तेव्हा ‘सगळ्या जगाला ठाऊक आहे’ हे टपरीवरचे विधान झाले. दोन्ही रचना लागोपाठ ऐकल्या तर साम्य कानाला लगेच जाणवते, हे मी नाकारत नाही. मात्र दोन्हींच्या तळाशी असलेला कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचा, क्रम पॉप संगीतात इतका रुळलेला आहे की, त्यावर गुणगुणू लागणाऱ्या दोन माणसांचे सूर एकाच वाटेने जाणे मला अशक्य वाटत नाही.

याच बँडने उघडपणे उसने घेतलेल्या चालींचा उल्लेख आपल्या पत्रात नाही, आणि मला तोच भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. २००५ मधल्या ‘टॉक’ या गाण्यात गिटारवर वाजणारी मुख्य धून क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या १९८१ मधल्या ‘कॉम्प्युटर लव्ह’ची आहे, ती रीतसर परवानगीने घेतलेली आहे आणि गीतकार-संगीतकारांच्या यादीत मूळ निर्मात्यांची नावे आहेत. २०११ मधल्या ‘एव्हरी टीअरड्रॉप इज अ वॉटरफॉल’मध्ये १९७६ मधल्या ‘आय गो टू रिओ’चा अंश आहे आणि तिथेही मूळ रचनाकारांचे श्रेय नोंदलेले आहे. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’तल्या पदांच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून ते पद कोणत्या जुन्या पदाच्या वळणाने म्हणायचे ते छापलेले असे, आणि त्यांत कानडी मुलखातून आलेली वळणेही होती, जी सोलापूरकरांच्या कानाला तर मुळीच अनोळखी वाटू नयेत. पुढे १९११ मध्ये गोविंदराव टेंबे यांनी ‘मानापमान’साठी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या चाली आणल्या, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना उचल्या म्हटले नाही, त्या चाली मराठी शब्दांत कशा बसल्या आणि नटाच्या गळ्यातून कशा उतरल्या, यावर चर्चा केली.

तोच निकष ‘टॉक’ला लावला तर बँडची बाजू लंगडी पडते, पण वेगळ्या कारणाने. क्राफ्टवर्कच्या मूळ धुनेत यंत्राचा थंडपणा आहे आणि त्यातूनच एकटेपणा जाणवतो. कोल्डप्लेने ती धून गिटारवर घेऊन मैदानाएवढी मोठी केली, एकटेपणा गेला, आणि त्याच्या जागी दुसरे काही उभे राहिले नाही. त्या गाण्यात सर्वांत चांगले काय, तर उसने घेतलेली धून, असे म्हणायची पाळी येते. प्रामाणिकपणे घेतलेले सगळेच कलेच्या दृष्टीने फळाला येते, असे नव्हे.

आता ‘मून म्युझिक’. यातल्या निर्मात्यांमध्ये मॅक्स मार्टिन हे स्वीडिश संगीतकार आहेत. १९९८ पासून इंग्रजी पॉपमधली असंख्य लोकप्रिय गाणी त्यांच्या हातून गेली आहेत आणि कोल्डप्लेच्या २०२१ च्या अल्बमवरही त्यांचा हात फिरलेला होता. त्यांची रीत गुळगुळीत असते. कुठेही खडा लागत नाही. ‘फील्सलाइकआयमफॉलिंगइनलव्ह’ ऐकताना पुढची ओळ कुठे चढणार, ताल कुठे थांबून पुन्हा सुरू होणार, हे आधीच कळते, कारण हाच चढ याच बँडने आपल्याला पूर्वी अनेकदा चढवून नेलेला आहे. ते गाणे पन्नास हजार लोकांनी एका सुरात म्हणावे म्हणून बांधलेले आहे आणि नेरूळला गेलेल्या तिघांना ते आवडले असेल तर त्यात नवल नाही. घरी हेडफोनवर ऐकणाऱ्या दोघांना ते पोकळ वाटले असेल, तर त्यातही नवल नाही. तरी ‘नवे काहीच नाही’ हे मात्र मान्य करता येत नाही. इलेक्ट्रॉनिक संगीतकार जॉन हॉपकिन्स यांच्यासह केलेल्या आरंभीच्या शीर्षकगीतात सूर सावकाश उमलत जातात आणि गाणे सुरू व्हायची घाई कोणालाच नसते, तो भाग मला संपूर्ण अल्बममध्ये सर्वांत सरस वाटला. ‘वी प्रे’मध्ये लिटल सिम्झ, बर्ना बॉय, एलियाना आणि टिनी असे चार ठिकाणचे आवाज एकत्र येतात, तिथे निदान चाकोरी मोडण्याची इच्छा दिसते.

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्या चादरींचे माग होते. एखाद्या कारखान्याने जॅकार्डवर, म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर, नवे डिझाइन काढले की थोड्याच दिवसांत तेच दुसऱ्याच्या मागावर दिसायचे आणि वडील त्याला सरळ चोरी म्हणायचे. मग दोन गाण्यांचे कॉर्ड सारखे असले तर रॉकचे चाहते ते चालवून का घेतात?

उत्तर : आपल्याच व्यवसायातले उदाहरण पुढे नेऊ. कॉर्डचा क्रम हा ताण्यासारखा, म्हणजे मागावर आधी लावलेल्या उभ्या धाग्यांसारखा आहे. प्रत्येक मागावर तो असतोच आणि त्यावर कोणी मालकी सांगत नाही. ज्या कार्डांना भोके पाडून मोर किंवा फूल उठवले जाते, ती कार्डे म्हणजे गाण्याची धून, आणि आपल्या वडिलांचा राग कार्डे उचलणाऱ्यावर होता, ताणा लावणाऱ्यावर नव्हे. अमेरिकेतल्या न्यायालयांनीही साधारण याच अंगाने विचार केलेला आहे. लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडच्या १९७१ मधल्या ‘स्टेअरवे टू हेवन’चा आरंभ स्पिरिट या बँडच्या १९६८ मधल्या ‘टॉरस’वरून घेतला, असा दावा २०१४ मध्ये लावला गेला. २०१६ मध्ये ज्यूरीने लेड झेपेलिनच्या बाजूने कौल दिला आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. एकेक स्वर खाली उतरत जाणारी तशी ओळ संगीतात फार जुनी आहे आणि असे सामाईक घटक कोणा एकाचे होत नाहीत, हा त्या वादातला कळीचा मुद्दा होता.

हाच बँड दुसऱ्या एका प्रकरणात मात्र सुटला नाही. १९६९ मधल्या ‘होल लॉटा लव्ह’मध्ये विली डिक्सन या कृष्णवर्णीय ब्लूज रचनाकाराचे शब्द होते आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते; डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा लावला, तडजोड झाली आणि नंतर त्यांचे नाव जोडले गेले. माझ्या लेखी हे प्रकरण ‘स्टेअरवे’पेक्षा कितीतरी गंभीर आहे, कारण इथे कार्डेच उचलली गेली होती, आणि ज्याची उचलली तो उचलणाऱ्यांपेक्षा फार कमी प्रसिद्ध होता.

राहिला पोत. एखाद्या बँडचा आवाज, गिटारचा घुमारा, गाण्याची ढब, यांवर कोणालाच हक्क सांगता येत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा नावाला संरक्षण मिळाले. मोराच्या डिझाइनला नव्हे.

प्रश्न : पूर्वी ऐकलेली धून संगीतकाराच्या डोक्यात राहिली आणि त्याला ती स्वतःचीच वाटली, तर दोष कोणाचा?

उत्तर : कायद्याने त्याचाच. जॉर्ज हॅरिसन यांचे १९७० मधले ‘माय स्वीट लॉर्ड’ हे ‘ही’ज सो फाइन’ या १९६३ मध्ये गाजलेल्या गाण्यावरून नकळत घेतले गेले, असा निर्णय १९७६ मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीशांनी दिला. हेतू वाईट नसला तरी जबाबदारी टळली नाही.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या बँडने कोल्डप्लेच्या ‘फिक्स यू’च्या चालीवर मराठी शब्द बसवले आहेत. शब्द आमचे स्वतःचे आहेत, भाषांतर नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात तिकीट लावून कार्यक्रम करावा आणि गाणे ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर टाकावे, असा विचार आहे. चालेल का?

उत्तर : परवानगीशिवाय चालणार नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळींनी तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणाला सवलत आहे, तशीच शिक्षणसंस्थेतील विद्यार्थी व शिक्षकांनी संस्थेतल्याच लोकांसमोर आणि पालकांसमोर केलेल्या सादरीकरणालाही आहे. तिकीट लावले की ही सवलत संपते आणि हक्कधारकांचा परवाना घ्यावा लागतो. ध्वनिमुद्रणाचे कलम वेगळे आहे. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे उलटल्यावर आगाऊ सूचना आणि मानधन देऊन कव्हर, म्हणजे त्याच गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण, करता येते, पण त्या कलमाखाली मूळ रचनेत मनाजोगता बदल करता येत नाही, आणि संपूर्ण नवे शब्द हा बदल फारच मोठा झाला. संगीतावरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो आणि कोल्डप्लेचे चौघेही आज हयात आहेत, त्यामुळे किर्लोस्करांना जुन्या पदांच्या बाबतीत जी मोकळीक होती ती आपल्याला नाही.

स्नेहसंमेलनात मूळ गाणे जरूर म्हणा. मराठी शब्द मात्र आमच्याकडे पाठवा. ते चालीवाचून वाचायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.