तीनपैकी कुठला ब्रोकर? आधी पैसे कुणाच्या खात्यातून परत येणार ते बघा

तुम्ही पलूसहून लिहिताय. ५० हजार बाजूला काढलेत आणि तीन परदेशी फॉरेक्स (परकीय चलनाच्या सौद्यांचे) ब्रोकर निवडलेत. एकाचा युरो-डॉलरचा स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावातला फरक) ०.६ पिप (भाव मोजायचा छोटा टप्पा), दुसऱ्याचा १.२, तिसरा १:५०० लिव्हरेज (आपल्या पैशाच्या पाचशे पट सौदा) देतो. तक्ता करून विचारताय की यातला कुठला घेऊ. अगदी असाच तक्ता मी २०२२ च्या दिवाळीत केला होता. मी तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघतो, त्यामुळे तक्ते करायची सवय आहेच. स्प्रेड, स्वॅप (सौदा रात्रभर ठेवायचं व्याज), कमिशन, ॲपचे रेटिंग असे अकरा रकाने होते. नेमका हवा तो रकाना मात्र नव्हता, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

मी सेबी (शेअर बाजाराचा नियामक) नोंदणीकृत सल्लागार नाही, वकीलही नाही. स्वतः भोगलं तेवढंच सांगतो. कायद्याचा मुद्दा आला की आपल्या सीएला विचारून खात्री करा.

लॉट-पिप तुम्हाला कळतं असं दिसतंय, म्हणून त्याच्या खोलात जात नाही. स्प्रेडवर तुम्ही घालवलेला वेळ मात्र वाया गेला. ५० हजारांवर शहाणा माणूस ०.०१ लॉटनेच, म्हणजे हजार युरोच्या सौद्यानेच, सुरू करेल. त्यावर एक पिप म्हणजे १० सेंट. तुमच्या दोन ब्रोकरांतला फरक एका सौद्याला ६ सेंट, म्हणजे पाच रुपये. १:५०० चा हिशेब बघा. सोपं म्हणून ६०० डॉलर धरू. पाचशे पट म्हणजे ३ लाख डॉलरचा सौदा, एका पिपला ३० डॉलर. भाव २० पिप उलटा गेला की सगळे संपले. अमेरिकेचे रोजगाराचे आकडे शुक्रवारी आपल्याकडे संध्याकाळी सहा किंवा सातला येतात, तेव्हा २० पिप एका मिनिटात जातात. युरोपच्या नियामकाने २०१८ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठी मोठ्या चलनांवर ३०:१ ची मर्यादा घातली, ती उगाच नाही. त्या वेळी त्यांनीच सांगितलं होतं की अशा खात्यांपैकी ७४ ते ८९ टक्के तोट्यात जातात.

'लंडनचं लायसन्स आहे' असं तुम्ही एका ब्रोकरपुढे लिहिलंय. त्याचा करार शेवटच्या पानापर्यंत वाचा. एकाच ब्रँडच्या चार-चार कंपन्या असतात. आपल्यासारख्याचं खातं बहुतेक वेळा एखाद्या बेटावरच्या कंपनीत उघडलं जातं आणि लंडनच्या नियमांचं संरक्षण तिथे लागू होत नाही. सेंट व्हिन्सेंट या कॅरिबियन बेटाच्या नियामकाने तर स्वतःच जाहीर केलंय की तो फॉरेक्स ब्रोकरांना परवानेच देत नाही. तरी तिथला नोंदणी क्रमांक लायसन्ससारखा दाखवणारे आहेत.

आता माझं. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मची इशारा यादी काढली. पहिल्या यादीत ३४ नावं होती. मी ती एकेक करून वाचली, माझ्या ब्रोकरचं नाव त्यात नव्हतं, आणि मी त्याचा अर्थ 'परवानगी आहे' असा घेतला. यादीत नाव नाही म्हणजे अधिकृत असं समजू नका, हे त्याच यादीसोबत लिहिलेलं आहे. ते मी वाचलं नाही. पुढे यादी वाढत गेली.

पैसे भरायला यूपीआयचा क्यूआर यायचा. दर वेळी नाव वेगळं. एकदा कुठल्यातरी टेक्सटाइलचं, एकदा मोबाइल दुकानाचं, एकदा एका बाईंचं. व्हॉट्सॲपवरच्या 'अकाउंट मॅनेजर'ला विचारलं तर म्हणाला, पेमेंट पार्टनर आहेत. कोल्ड स्टोरेजला कुणी बेदाण्याचे पैसे तिसऱ्याच नावाने पाठवले तर मी पावती फाडत नाही. इथे मात्र गप्प बसलो, कारण तोवर चार हजार दोनशे आणि सहा हजार असे दोन विड्रॉवल नीट आले होते.

तिसरा विड्रॉवल ३८,५०० चा, फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. आयएमपीएसने, अनोळखी माणसाच्या नावावरून. अकराव्या दिवशी पेट्रोल पंपावर कार्ड चालेना. शाखेत गेलो तर अख्खं खातं गोठवलेलं. ते पैसे दुसऱ्या राज्यातल्या कुणाच्यातरी फसवणुकीतले होते. त्या माणसाने तक्रार केली, आणि पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला ती सगळी पोलिसांनी बंद करायला सांगितली. त्यातलं एक माझं.

माझी सर्वांत मोठी चूक इथे आहे. मी खातं कुठलं दिलं होतं? वडिलांसोबतचं जॉइंट. त्यातच माझा पगार आणि त्यातच कारखान्याचं उसाचं बिल. बिल नुकतंच जमा झालेलं. सोसायटीचं पीक कर्ज त्यातून भरायचं होतं, आणि मुदतीत भरलं तरच व्याजाची सवलत मिळते हे तुम्हाला सांगायला नको. वडिलांनी एवढंच विचारलं, "कुणाचं पैसं घेतलंयस तू?" त्या माणसाने आयुष्यात कुणाचा रुपया बुडवलेला नाही. मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही.

नंतरचे पाच आठवडे गेले ते त्या शाखेत. कुठल्या पोलीस ठाण्याचं पत्र, तक्रार क्रमांक काय, वादातली रक्कम किती, या तीन गोष्टी हव्या होत्या. काउंटरवर ठरलेलं उत्तर, "वरनं आलंय, आमच्या हातात काय नाही." मॅनेजर म्हणायचे हेड ऑफिसला मेल केलाय. हेड ऑफिसचा फोन म्हणायचा शाखेत जा. अर्जाची पोच मागितली तर शिक्का नाही म्हणाले. अडचण पैशांची होती, पण माणूस चोर असल्यासारखं बघणं जास्त लागलं. ज्या खातेदाराचे पंचवीस वर्षांचे व्यवहार तुमच्या समोर आहेत त्याला एक तक्रार क्रमांक सांगायला काय लागतं, हे मला अजून कळलेलं नाही.

सुटलो ते लेखी काम केल्यावर. शाखा सोडून बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रारी बघणारा वरचा अधिकारी) मेल केला. ३० दिवसांत उत्तर नाही म्हटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (तो बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकतो) ऑनलाइन तक्रार घातली. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. नऊ दिवसांत बँकेने तक्रार क्रमांक आणि ठाण्याचं नाव कळवलं. मग त्या ठाण्यातल्या पोलीस अधिकाऱ्याला अर्ज केला की वादातले ३८,५०० धरून ठेवा, बाकी खातं मोकळं करा. अख्खं खातं सोडा असं कुणाला म्हणू नका, ते कुणी ऐकत नाही.

अधिकाऱ्याने साधा प्रश्न विचारला: ही रक्कम तुम्हाला कशाबद्दल मिळाली? त्याचं उत्तर लिहिताना माझा हात थांबला. अनधिकृत प्लॅटफॉर्मवरचा फॉरेक्स सौदा म्हणजे फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याचा भंग. कलम १३ खाली रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. सांगलीतल्या वकिलांनी ते दाखवलं आणि म्हणाले, तरी खरंच लिहा. मी खरंच लिहिलं. जूनमध्ये खातं उघडलं, व्याजाची सवलत गेली, ३८,५०० अजून अडकलेत. ब्रोकरकडे राहिलेली रक्कम मागायला गेलो तर त्या 'अकाउंट मॅनेजर'चा नंबर बंद. आणि तक्रार कुठे करणार होतो? जिथे जाईन तिथे पहिली ओळ माझ्याच गुन्ह्याची.

म्हणून तुमच्या तक्त्यात मला एकच रकाना हवाय: भांडण झालं तर मी कुणाच्या दारात उभा राहणार? तुमच्या तिन्ही नावांपुढे तो रिकामा आहे. माझ्या मते तिन्ही खोडा.

कायदेशीर रस्ता काय, असं तुम्ही विचारालच. एनएसई-बीएसईवर डॉलर-रुपयाचे फ्युचर्स (पुढच्या तारखेचे वायदे) आहेत, एनएसईवर ऑगस्ट २००८ पासून, एक लॉट १००० डॉलरचा. पण ३ मे २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट झालाय: तुमची खरी परकीय चलनाची देणी-घेणी असली पाहिजेत. १० कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण व्यवहार खरा असावाच लागतो. 'कागद मागत नाहीत म्हणजे चालतं' असं कुणी सांगेल, ते ऐकू नका. त्या वाटेवर मी एकदा चाललोय. तुमच्या घरचं काही निर्यातीला जात नसेल, परदेशी फी भरायची नसेल, तर तुमच्यासाठी फॉरेक्स नाही. हे ऐकायला कडू आहे, मला माहीत आहे. परदेशी पैसे पाठवायची वर्षाला अडीच लाख डॉलरची सवलत आहे म्हणून कुणी ती सांगेल, तर मार्जिन (सौद्याची अनामत) भरायला ती चालत नाही.

शेअरसाठी भारतीय ब्रोकर निवडताना तरी ही सवय ठेवा. सेबीचा नोंदणी क्रमांक 'आयएनझेड'ने सुरू होतो, तो सेबीच्याच साइटवर शोधा. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकरांच्या यूपीआय पत्त्यात 'व्हॅलिड' हा शब्द येतो, त्यामुळे पैसा कुणाला जातोय ते कळतं.

जाता जाता, घरी कुणाची द्राक्षं परदेशी जात असतील तर तुलना करायची खरी जागा तिथे आहे. माझा मावसभाऊ एकाच बँकेच्या दराने डॉलर मोडायचा. आता क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या एफएक्स-रिटेल या ऑनलाइन चलन-मंचावर दर बघतो आणि बँकेशी घासाघीस करतो. त्यात जो वाचतो तो पैसा खरा आहे.

तुम्ही कुणाला पैसे भरलेत की नाही ते लिहिलेलं नाही. भरले असतील तर आजच त्या ॲपमधलं बँक खातं कुठलं दिलंय ते बघा, आणि उसाचं बिल किंवा पगार त्यात येत असेल तर ती रक्कम आधी दुसरीकडे हलवा. सगळे स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक जपा. पैसे अडकलेत असं वाटत असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात. नोडल अधिकाऱ्याला आणि पोलिसांना केलेल्या अर्जांचे नमुने माझ्याकडे आहेत. लागले तर सांगा, नावं झाकून इथेच टाकतो.