पुडी पोटात, पंप कपाटात

पूर्वी ॲलर्जीवर येणारी पत्रं साधी असत. केळं द्यावं का, पंख्याखाली झोपवावं का. हल्ली दर दुसऱ्या पत्रात आतड्यातले जीवाणू असतात. कुणी व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणाला मेडिकलवाल्याने 'चांगल्या' जीवाणूंची पुडी दिलेली असते. गोंधळ सगळ्यांचा एकच, म्हणून यावेळी काही पत्रं एकत्र घेतली आहेत.

पोटातले जीवाणू बिघडले की ॲलर्जी होते म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. कुणावर धावून जायचं आणि कुणाकडे काणाडोळा करायचा, हे बाळाच्या प्रतिकारशक्तीला पहिल्या दोन-तीन वर्षांत शिकावं लागतं. ही शिकवणी आतड्यातले, त्वचेवरचे, नाकातले जीवाणू घेतात. भाज्यांचा चोथा, धान्याचा कोंडा आपल्याला पचत नाही. आतड्यातले काही जीवाणू त्यावर जगतात आणि ब्युटिरिक आम्ल तयार करतात. खवट लोण्याला वास येतो तो याचाच. या आम्लामुळे दाहाला लगाम घालणाऱ्या पेशी वाढतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसांतलं चित्र इतकं स्वच्छ नाही.

शिकवणी कच्ची राहिली, की गादीतल्या सूक्ष्म किड्यांच्या विष्ठेविरुद्धही शरीर आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं. मग शिंका, खाज, पाणावलेले डोळे. हे रोज होत राहिलं की दाह तिथे बिऱ्हाडच थाटतो. पण घराण्यात चालत आलेला कल, कोरडी भेगाळलेली त्वचा, घरातला धूर यांचाही यात वाटा असतो, आणि तो पुडीने जात नाही.

रोज वाटीभर दही खाल्लं तर सकाळच्या शिंका थांबतील?

नाही. आवडत असेल तर जरूर खा.

आम्ही मुलीला फार स्वच्छतेत वाढवलं, म्हणून तिला दमा झाला का? गावी नेऊन मातीत खेळवलं तर जाईल?

जडलेला दमा मातीत खेळून जात नाही. या समजुतीचं मूळ मात्र खरं आहे. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅकन यांनी ब्रिटनमधल्या हजारो मुलांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना थोरली भावंडं जास्त, त्यांना परागकणांची सर्दी कमी, असं त्यांना आढळलं. पुढे २०१६ साली अमेरिकेतल्या ॲमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांचे पूर्वज युरोपातल्या आल्प्सच्या पट्ट्यातले, खाणंपिणं बरंचसं सारखं. ॲमिशांचा गोठा घराला लागून आणि मुलं लहानपणापासून त्यात. हटराइटांची शेती यंत्रांची, जनावरं घरापासून लांब. दम्याचं प्रमाण ॲमिश मुलांत ५ टक्क्यांच्या आसपास, हटराइट मुलांत २१. ॲमिशांच्या घरातल्या धुळीत जीवाणूंचे अंश कित्येक पट जास्त निघाले.

पण तो गोठा होता. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावरची धूळ म्हणजे सिमेंट आणि डिझेलचा धूर, ती कुणाचीही शिकवणी घेत नाही. ज्या मुलीला आधीच दमा आहे तिला कडब्याच्या गंजीवर चढवलंत, तर रात्री तालुक्याच्या दवाखान्यात धावाल. जेवायच्या आधी हात धुणं सोडा, असं यातल्या कुठल्याही संशोधकाने म्हटलेलं नाही. गावी जरूर जा, फक्त तिची औषधं बरोबर घ्या आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

मुलगा ९ वर्षांचा. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा, तोंडाने श्वासाबरोबर ओढायचा पंप रोज घ्यायला सांगितला होता. महिन्याभरात खोकला गेला, म्हणून पंप थांबवून ऑनलाइन मागवलेली जीवाणूंची पुडी सुरू केली. पावसाळा लागला तसा रात्रीचा खोकला परत आला. पुडी दोन वेळा द्यावी का?

पुडीचा विचार सोडा, ज्या डॉक्टरांनी पंप दिला त्यांच्याकडे याच आठवड्यात जा. आता जरा बसून ऐका, कारण हे पत्र तुमच्या एकट्याचं नाही.

खोकला थांबला म्हणजे सूज गेली, असं नसतं. दम्याच्या मुलाची श्वासनलिका बाहेरून शांत दिसते तेव्हाही तिच्या अस्तरात दाहाच्या पेशी ठाण मांडून असतात. रोजचा पंप त्यांच्यासाठी असतो, खोकल्यासाठी नव्हे. तो मध्येच सोडला की पहिले काही आठवडे काही होत नाही आणि घरात सगळे म्हणतात, बघा, गरज नव्हतीच. मग पाऊस येतो, भिंतींना ओल धरते, बुरशी वाढते, शाळेतून कुणीतरी सर्दी आणतं आणि आत धुमसत असलेलं भडकतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर नलिकेची भिंतच जाड होऊ शकते.

मागे एक कुटुंब आलं. पंप अगदी नियमित, आजोबांनी ठासून सांगितलं. मी पंप उलटा करून पाठीमागची आकड्याची खिडकी पाहिली. १२० फवाऱ्यांचा पंप, दोन महिन्यांपूर्वी दिलेला, रोज दोन फवारे. आकडा शून्यावर यायला हवा होता. होता १०३. आजोबा चपलांकडे बघत म्हणाले, शेजारचे म्हणाले सवय लागते. चष्म्याची लागते तेवढीच, मी म्हटलं. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतला मिलिग्रॅममध्ये, आणि एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात. पंप टाळणाऱ्यांनाच दर झटक्याला स्टेरॉइडच्या गोळ्या गिळाव्या लागतात. दीर्घकाळ वापरला तर उंचीत साधारण एखाद्या सेंटीमीटरचा फरक पडू शकतो, हे मी लपवत नाही. पण रात्र रात्र खोकणारं मूलही नीट वाढत नाही.

आता पुडी. बाळांमधलं इसब टाळण्यासाठी प्रोबायोटिकचा, म्हणजे पुडीतल्या अशा जीवाणूंचा, थोडा उपयोग होत असावा, त्याचाही पुरावा लेचापेचा. दम्यात पंपाची जागा घेईल असं एकही प्रोबायोटिक आज नाही. डब्यावर किती अब्ज जीवाणू ते ठळक छापलेलं असतं. नेमकी कुठली जात आणि ती कुणावर तपासली, हे भिंग घेऊन शोधलं तरी अनेकदा सापडत नाही. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतात, ते तिसऱ्या महिन्यात तुम्ही विचारू नये म्हणून. आणि माझी खरी तक्रार पैशांची नाहीच, या तीन महिन्यांत पंप कपाटात पडून राहतो, ही आहे.

डॉक्टरांकडे जाताना पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) दोन्ही न्या आणि मुलाला त्यांच्यासमोर घ्यायला लावा. निम्मा फवारा जिभेवर जात असतो.

रक्ताच्या एका तपासणीत २०० पदार्थ कळतात. माझ्या अहवालात गहू, दूध, तूरडाळ लाल आहे. सगळं बंद करू?

आधी अहवालावर आयजीजी लिहिलंय का पाहा. हीही प्रतिपिंडंच, पण आयजीईहून वेगळी. असेल तर काहीही बंद करू नका. आपण जे नेहमी खातो त्याची आयजीजी रक्तात सापडतेच. तो खाल्ल्याचा पुरावा आहे, ॲलर्जीचा नाही. तुम्ही रोज वरण-पोळी खाता, एवढं सांगायला त्यांनी तुमच्याकडून हजारो रुपये घेतले. अशा कागदापायी चार महिने भात-साखरेवर ठेवलेली, वजन घटलेली मुलं मी पाहिली आहेत. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दरवेळी थोड्याच वेळात गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा उलटी होते का, हे लिहून काढा आणि तो कागद घेऊन तज्ज्ञाकडे जा.

एकूण आयजीई ९०० आलं. गंभीर आहे का?

आकड्यावरून ठरत नाही. जंतांनीही तो चढतो. त्रास काय होतो ते डॉक्टरांना सांगा.

माझं सिझेरियन झालं, बाळाला दुसऱ्याच महिन्यात अँटिबायोटिक द्यावं लागलं. आता त्याला ॲलर्जी होणारच का?

नाही हो. या दोन्हींनी आतड्यातल्या जीवाणूंची घडी काही काळ विस्कटते आणि मोठ्या पाहण्यांत धोका थोडा वाढलेला दिसतो. तो हजारो मुलांचा हिशेब आहे, तुमच्या बाळाचं भविष्य नव्हे. सिझेरियन गरजेचं होतं, झालं. अंगावर पाजता येत असेल तर पाजा. त्या दुधात काही शर्करा अशा असतात की बाळाला त्या पचतच नाहीत. त्या असतात त्याच्या पोटातल्या बिफिडो जीवाणूंसाठी. पुढच्या सर्दीला अँटिबायोटिकची उरलेली बाटली फ्रिजमधून काढू नका, एवढं पाळा. गुटीबरोबर मध चाटवत असाल तर वर्षाच्या आत तो पूर्ण बंद. त्याचं कारण वेगळं आणि ॲलर्जीहून भयंकर आहे, बोट्युलिझम, म्हणजे एका जीवाणूच्या विषाने होणारा आजार.

शेंगदाण्याचा कूट बाळाला तीन वर्षांपर्यंत देऊ नये ना?

हा सल्ला जुना झाला. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेला अभ्यास २०१५ साली आला. त्यात लवकर शेंगदाणा सुरू केलेल्या मुलांत त्याची ॲलर्जी ८० टक्क्यांनी कमी निघाली. वरचं खाणं सुरू झालं की अगदी बारीक कूट पेजेत कालवून द्या, अख्खा दाणा मात्र नको, घशात अडकतो. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर पहिला घास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मुलगी रात्री उशीला टेकून बसूनच झोपते, बोलताना मध्येच दम घेते. घरात लग्न आहे, पुढच्या महिन्यात दाखवलं तर चालेल का?

नाही. हे पत्र छापून येईपर्यंत थांबायला नको म्हणून तुम्हाला त्याच दिवशी फोन केला होता. ज्यांच्या घरी असंच चाललं आहे त्यांनी आज, आत्ता निघा.