गच्चीवरचं गोणपाट

चि. बाळा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. होस्टेलच्या पॅसेजमध्ये पहिल्या वर्षाच्या त्या मुलाला तासभर ओणवं उभं केलं होतं, पोरं हसत होती, एकजण मोबाइलवर शूट करत होता आणि तू कूलरपाशी बाटली भरत उभा होतास. ‘बाटली कधीच भरली होती, सर,’ असं तू लिहिलंस. तिथे मी थांबलो. चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

शेवटी तू विचारतोस, माणूस मुळातच क्रूर असतो का, आणि मीही त्यातलाच का?

या प्रश्नाची तुला आत्ता इतकी ओढ का लागली आहे, ते मला कळतं. माणसाची जातच वाईट ठरली, तर त्या पॅसेजमधली गोष्ट कुणा एकाची राहत नाही. मी स्वतः बरीच वर्षं त्याच आडोशाला बसलो होतो, म्हणून हे सांगतो.

१९७६ चा डिसेंबर. कृष्णाकाठच्या एका गावात मी शिकायला होतो. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. होस्टेलच्या गच्चीवर आम्ही अकरा जण, आणि मधोमध खेड्यातून नुकताच आलेला एक मुलगा, अंगावर फक्त चड्डी. दर थोड्या वेळाने त्याच्या डोक्यावर तांब्याभर गार पाणी ओतलं जायचं आणि त्याने पाढे म्हणायचे. सतराच्या पाढ्यात तो अडखळत होता. थंडीने त्याचे दात वाजत होते, त्यामुळे आकडा तोंडातून बाहेर येईपर्यंत तुटून जायचा. तांब्या माझ्या हातात नव्हता. पण बादली भरून वर आणणारा मी होतो. ‘जा रे, अजून एक आण,’ म्हटलं की मी जिना उतरायचो. तीन वेळा उतरलो.

मेसच्या मावशी तेवढ्यात वर आल्या. कठड्यावर वाळत टाकलेली गोणपाटं न्यायला आल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. एक गोणपाट उचललं, झटकलं, त्या मुलाच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाल्या, ‘चल खाली, चुलीत अजून इंगळ आहे.’ आमच्याकडे नुसतं पाहिलं. तो त्यांच्यामागून निघून गेला. सगळं मिळून अर्धा मिनिटही लागलं नसेल.

त्यानंतर काय झालं ते नीट वाच. कुणी चिडलं नाही, कुणी त्यांना अडवलं नाही. माझ्या शेजारच्याने मोठा श्वास सोडला. एकजण पुटपुटला, ‘बरं झालं, जास्तच होत होतं.’ मग दुसरा तेच म्हणाला. अकरा जणांतले आठ-नऊ जण ते थांबायची वाट बघत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना मजा येतेय. खरी मजा घेणारे दोघे, फार तर तिघे. उरलेले आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत ती क्रूरता उभी धरून होतो.

पुढे मी मानसशास्त्र शिकवायला लागलो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७१ साली झालेल्या खोट्या तुरुंगाच्या प्रयोगाबद्दल तूही ऐकलं असशील. साध्या विद्यार्थ्यांना पहारेकरी केलं आणि ते आपोआप जुलमी झाले, असं मीही वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. नंतर त्या प्रयोगाच्या जुन्या ध्वनिफिती बाहेर आल्या. पहारेकऱ्यांनी कडक वागावं म्हणून प्रयोग चालवणाऱ्यांकडूनच त्यांना गळ घातली जात होती, हे त्यात ऐकू येतं. म्हणजे तिथेही ‘जा रे, अजून एक आण’ म्हणणारं कुणीतरी होतंच. ज्या मुलांना मी ते अर्धवट शिकवलं, त्यांचं मला आजही वाईट वाटतं.

मिलग्रम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग मात्र नीट समजून घे. १९६१ साली येल विद्यापीठात तो सुरू झाला. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून आलेली साधी माणसं, तासाभराचे चार डॉलर. पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला १५ व्होल्ट वाढवत ४५० पर्यंत. झटके खोटे होते, पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. लोक एवढंच सांगतात आणि माणूस वाईट ठरवून मोकळे होतात.

ती २६ माणसं घामाघूम होत होती, थरथरत होती, ‘आता पुरे’ म्हणत होती आणि तरी बटण दाबत होती. शिवाय मिलग्रमने हाच प्रयोग अनेक तऱ्हांनी करून पाहिला. झटका खाणारा त्याच खोलीत समोर बसवला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी १६ उरले. झटके द्यायचा हुकूम देणारा प्रयोगवाला खोलीबाहेर जाऊन फोनवरून सांगू लागला, तेव्हा जेमतेम पाचातला एक उरला. आणि एका वेळी बटणापाशी आणखी दोघांना बसवलं होतं. ती प्रयोगवाल्यांचीच माणसं. ठरल्याप्रमाणे आधी एक उठला, मग दुसरा, ‘आम्ही हे करणार नाही’ म्हणून. तेव्हा शेवटपर्यंत किती गेले असतील? ४० पैकी ४.

माणसं त्याच शहरातली, तशीच. शेजारचा माणूस उठला, एवढाच फरक.

आता एक जड गोष्ट सांगतो. ती टाळली तर हे पत्र खोटं होईल. दुसरं महायुद्ध, १३ जुलै १९४२, जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमधलं युझेफुफ नावाचं गाव. हाम्बुर्गहून आलेली जर्मन राखीव पोलिसांची एक तुकडी, सुमारे पाचशे माणसं. बहुतेक मध्यमवयीन, घरी बायकामुलं असलेली. गावातल्या ज्यूंना गोळ्या घालायच्या होत्या, त्यात बायका, मुलं, म्हातारे सगळे. तुकडीचा प्रमुख मेजर ट्राप स्वतः रडत होता. त्याने वयाने मोठ्या शिपायांना उघड सांगितलं, ज्याला हे जमणार नाही त्याने पुढे यावं. थोडा वेळ कुणीच हललं नाही. मग एकजण पुढे आला. त्याचा कॅप्टन त्याच्यावर भडकला, पण ट्रापने त्या शिपायाला पाठीशी घातलं. ते पाहिल्यावर आणखी दहा-बारा जण पुढे आले. त्यांना शिक्षा झाली नाही. उरलेल्यांतल्या काहींनी पुढे, गोळीबार सुरू झाल्यावर, अंग काढून घेतलं. बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत सुमारे दीड हजार माणसं मारली.

परिस्थितीमुळे झालं, असं म्हणून त्यांना सोडून देता येत नाही. दार उघडं होतं. तरी बहुतेक जण जागचे हलले नाहीत, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे सोबत्यांसमोर भित्रं ठरायची लाज. ही लाज किती ताकदीची असते, ते मला माझ्या तीन बादल्यांवरून ठाऊक आहे आणि तुला तुझ्या बाटलीवरून.

चांगुलपणा शिकवावा लागतो आणि क्रूरता उपजत असते, हेही मला पटत नाही. २००६ साली दीड वर्षाच्या २४ मुलांसमोर एक छोटासा प्रयोग झाला. अनोळखी माणसाच्या हातून वस्तू पडायची आणि त्याचा हात तिथवर पोचायचा नाही. किंवा हात भरलेले असताना त्याला कपाटाचं दार उघडता यायचं नाही. २४ पैकी २२ मुलांनी एकदा तरी आपणहून मदत केली. कुणी मागितली नव्हती, बक्षीसही नव्हतं. ज्यांना अजून धड बोलता येत नाही, त्यांनी हे केलं. म्हणून बाळा, तुझ्या पोटात त्या रात्री जो गोळा आला, तो तुझ्या फार आधीपासूनचा आहे. तो खोटा नाही. पण तो पोटातच राहिला, तर त्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही.

तू क्रूर की चांगला, हे मी ठरवणार नाही. पुढच्या वेळी पॅसेजमध्ये भाषण करू नकोस, मारामारी तर नकोच. मावशींनी केलं तेवढं पुरतं: ‘चल रे, माझ्या खोलीत चल,’ म्हणून त्याचा हात धरायचा आणि निघायचं. तुझ्यामागे कोण येईल ते आधी मोजत बसू नकोस. आणि घडून गेलेल्या गोष्टीसाठीही मार्ग आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणं संस्थेच्या प्रमुखावर बंधनकारक आहे. देशभराची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. तू पाहिलंस ते तारीख-वेळेसह लिहून काढ, स्वतः कुठे उभा होतास तेही लिही. ते लिहिताना हात जड होईल. होऊ दे.

नोकरी लागल्यावर मी एकदा मावशींना भेटायला गेलो होतो. त्या रात्रीबद्दल विचारलं. त्यांना तो मुलगा आठवत नव्हता, आम्हीही नाही. बराच विचार करून म्हणाल्या, ‘हां, एक गोणपाट कमी झालं होतं खरं. कोण घेऊन गेलं काय माहीत.’

त्या मुलाची खोली कोणती, तो जेवतो का, कुणाशी बोलतो का, यातलं काहीच तुझ्या पत्रात नाही. आधी त्याच्याकडे जाऊन ये. मग मला लिही.

तुझा,
सर