तुमचे प्रश्न : बारा तारांची हौस

प्रश्न : बरीच वर्षं स्ट्रॅटोकास्टर (सहा तारांची इलेक्ट्रिक गिटार) वाजवतो. यंदा बोनस आणि मोडलेली एफडी मिळून पैसे जमलेत, आणि रिकनबॅकर ३६०/१२ ही बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार डोक्यात बसली आहे. स्टेजवर नाही, घरीच वाजवणार. घेऊ का? घेताना काय बघू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पैसे बाजूला पडलेत आणि घरात कुणाचं अडत नाही, तर घ्या की. हौसेला मोल नसतं. पण आधी हाताचं बघा. या गिटारच्या नटची (नेकच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) रुंदी साधारण ४१.४ मिमी, म्हणजे तुमच्या स्ट्रॅटवर सहा तारा जेवढ्या जागेत मावतात तेवढ्यातच इथे बारा. बार कॉर्ड (एक बोट तारांवर आडवं टाकून धरलेले) सुखाने वाजतात. घोळ होतो तो ओपन ए आणि ओपन डी कॉर्ड वाजवताना, कारण बोटं शेजारच्या जोडीला लागतात. बोटं जाड असतील तर रिकनबॅकरचीच ६६०/१२ बघा, तिचा नट सुमारे ४५ मिमी आहे. सरावासाठी मित्राची बारा तारांची अकूस्टिक मागून आणाल, तर अंदाज हमखास चुकेल. तिची नेक बरीच रुंद असते.

खालच्या चार जोड्यांत एक जाड तार आणि तिच्या वरच्या सप्तकातली एक बारीक; बी आणि वरच्या ई जोडीत दोन्ही तारा सारख्या. बहुतेक बारा-तारींवर खाली स्ट्रोक मारला की आधी बारीक तार लागते. रिकनबॅकरवर उलट, आधी जाड. १९६४-६५ साली बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन आणि बर्ड्सचा रॉजर मॅग्विन यांच्या हातून जगाने ऐकलेल्या त्या आवाजात या क्रमाचा वाटा आहे. मॅग्विनच्या रेकॉर्डिंगमध्ये कॉम्प्रेसरचाही (आवाजातला चढउतार सपाट करणारं उपकरण). तेव्हा पेडलला थोडे पैसे राखून ठेवा: अॅम्प क्लीन, ट्रेबल जरा वर, कॉम्प्रेसर सगळ्यात आधी. डिस्टॉर्शन लावलंत की बारा तारांचा नुसता चिखल होतो.

दुकानात ट्यूनर घेऊन बसा. प्रत्येक तारेचं बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक (बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर जुळतो का, हे एकेक तार वाजवून तपासा. ब्रिजवर सहाच सॅडल (तारा टेकतात ते मागे-पुढे सरकणारे तुकडे) असतील तर जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सॅडलवर येतात. जाड तारेसाठी सॅडल मागे घेतलं की बारीक तार वरच्या फ्रेटवर उतरलेली वाजते. बारा सॅडलचा ब्रिज असला तर ही कटकट नाही. मग नट बघा. जोडीतल्या दोन्ही तारांचे माथे एका पातळीत हवेत. खाचा सारख्याच खोल असतील तर बारीक तार खाली राहते आणि बोटाखाली नीट दबत नाही.

फ्रेटबोर्डवर लॅकर असतं, त्यामुळे लेमन ऑइल लावायचं नाही, कोरड्या कापडाने पुसायचं. नेकच्या आत दोन ट्रस रॉड, म्हणजे तिचा बाक सांभाळणारे धातूचे गज आहेत. पावसाळ्यात नेक हललीच, तर तारा सैल करून दोन्ही रॉड पाव-पाव फेरा फिरवा, आणि रात्रभर थांबून मग पुढचं. एकच रॉड पिळलात तर नेकला पीळ बसतो. हे काम जाणकाराकडून करून घेतलेलं बरं.

परदेशातून मागवणार असाल तर विक्रेत्याची किंमत धरून हिशोब करू नका. वाहतूक, विमा, कस्टम्स आणि आयजीएसटी धरून दारात पडणारा आकडा काढा. साठच्या दशकातली जुनी गिटार असेल आणि तिच्यात ब्राझिलियन रोजवुड असेल, तर साइट्सची (CITES, दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं लागतात. इतर रोजवुडच्या तयार वाद्यांना २०१९पासून सूट आहे.

प्रश्न : माझ्या बारा-तारीवर ‘जी’ (G) स्वराच्या जोडीतली बारीक तार सारखी तुटते.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ती ०.००८ इंचाची तार वरच्या ई तारेपेक्षाही उंच स्वरात ताणलेली असते, तेव्हा तीच आधी जाणार. कुठे तुटते ते बघा. सॅडलवर तुटत असेल तर तिथे धार आहे. १००० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा. नटपाशी तुटत असेल तर तार खाचेत अडकतेय, खाचेत पेन्सिलीचं शिसं फिरवा. खुंटीवर तुटत असेल तर वेढे एकमेकांवर चढलेत. तरीही तुटली, तर सगळी गिटार एक स्वर खाली, डीमध्ये लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) टाका. सुट्या ०.००८च्या पाच-सहा तारा जवळ असू द्याच. आणि तारा बदलताना एकेक जोडी बदला; सगळ्या एकदम काढल्या की नेकवरचा ताण जातो आणि सेटिंग पुन्हा बसवावं लागतं.

प्रश्न : फ्लाइंग व्ही (इंग्रजी V आकाराची इलेक्ट्रिक गिटार) बसून वाजवता येते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : येते. व्हीच्या खाचेत उजवी मांडी घाला आणि नेक शास्त्रीय गिटारसारखी वर धरा. डाव्या मांडीवर आडवी ठेवाल तर घसरेल. पट्टा बसल्यावरही गळ्यात ठेवा. नेहमीच्या बॅगेत ती मावत नाही; तिच्याच मापाची हार्ड केस सौद्यातच मागून घ्या, कारण टोकांचा रंग पहिल्यांदा उडतो तो भिंतीला आणि दाराच्या चौकटीला लागून.