सगळं देवाच्या हातात, मग हे का?

प्रश्न: मिस्टरांना जाऊन वर्ष होत आलं. चर्चमधले म्हणतात देवाची इच्छा, मला रागच येतो. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर: नाही हो ताई, अजिबात नाही. बायबलमधल्या ईयोबाचे ७ मुलगे, ३ मुली एकाच दिवशी गेल्या, तोही देवाशी भांडला, स्वतःच्या जन्मदिवसाला शाप दिला, आणि शेवटी देव रागावला कुणावर तर उपदेश करणाऱ्या मित्रांवर! ते मित्र आधी ७ दिवस गप्प शेजारी बसले होते, तेवढंच त्यांचं बरोबर होतं. का घडलं हे देवाने त्याला सांगितलंच नाही, पण वादळातून स्वतः बोलला, आणि मला आधार वाटतो तो इथेच, की ज्याच्या हातात सगळं आहे त्याच्यापुढेच ओरडता येतं. बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्याने वाचा, तेही तक्रारीनेच सुरू होतं.